सूफ्रिएरची एकदिवसीय सहल : ज्वालामुखी, चिखलस्नान आणि प्रवाळदर्शन यांतील भौगोलिक संबंध

प्रास्ताविक

लेसर अँटिलीस द्वीपमालेतील सेंट ल्युसिया हे सुमारे ६१७ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे एक लहानसे स्वतंत्र राष्ट्र होय. फ्रेंच आणि इंग्रज यांच्या दीर्घ संघर्षात या बेटाचे स्वामित्व अनेकदा पालटले. १८१४ मध्ये ते कायमचे ब्रिटिशांकडे गेले आणि २२ फेब्रुवारी १९७९ रोजी स्वतंत्र झाले. राज्यकारभाराची भाषा इंग्रजी असली तरी घरात आणि बाजारात फ्रेंचमधून घडलेली क्वेयोल बोली चालते. गावांची आणि डोंगरांची नावेही बहुतांशी फ्रेंच आहेत. एकेकाळी ऊस आणि त्यानंतर केळी यांवर जगणाऱ्या या बेटाचा आजचा मुख्य आधार पर्यटन हाच आहे.

येथे येणाऱ्या पर्यटकांपैकी, विशेषतः प्रवासी जहाजांतून काही तासांसाठी उतरणाऱ्यांपैकी, अनेकजण एक ठरावीक सहल करतात. सकाळी राजधानी कॅस्ट्रीजहून बोटीने अथवा पश्चिम किनाऱ्याच्या नागमोडी रस्त्याने सूफ्रिएर गावी जायचे, मार्गदर्शकाबरोबर तेथील ज्वालामुखी क्षेत्र पाहायचे, उष्ण चिखल अंगाला फासून स्नान करायचे, दुपारी भोजन उरकून समुद्रात स्नॉर्केलिंग करायचे आणि संध्याकाळपूर्वी परतायचे. स्नॉर्केलिंग म्हणजे डोळ्यांवर काचेचा मुखवटा आणि तोंडात श्वासनळी धरून पाण्याच्या पृष्ठभागावरून तरंगत खालचे जीवन पाहणे. जाहिरातपत्रकांत ही तीन स्वतंत्र आकर्षणे म्हणून मांडली जातात. वस्तुतः ती एकाच उताराची तीन स्थाने आहेत. वर जी उष्णता आहे तिच्यातूनच चिखल निर्माण होतो आणि वरच्या उतारांवरून जे पाणी वाहते ते अखेर प्रवाळांवर येऊन पोहोचते. हा संबंध स्पष्ट करणे आणि त्यात मार्गदर्शकाचे स्थान कोणते हे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ज्वालामुखीचे स्वरूप

प्रथम नावाचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. फ्रेंच भाषेत सूफ्रिएर या शब्दाचा अर्थ गंधकाची जागा असा होतो. साहजिकच कॅरिबियनमधील अनेक ज्वालामुखींना हेच नाव मिळाले आहे. १९०२ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२१ मध्ये ज्याचा स्फोटक उद्रेक झाला तो ला सूफ्रिएर शेजारच्या सेंट व्हिन्सेंट बेटावर आहे. १९९५ पासून ज्याने प्लिमथ ही राजधानी राखेखाली गाडली तो सूफ्रिएर हिल्स माँटसेरात बेटावरचा. ग्वादलूपमध्येही याच नावाचा ज्वालामुखी आहे. सेंट ल्युसियातील सूफ्रिएर हे मात्र मूलतः गावाचे नाव आहे. १७४६ मध्ये वसलेले हे गाव फ्रेंच अमदानीत बेटाचे प्रमुख ठाणे होते.

या सर्व ज्वालामुखींचे मूळ एकच आहे. अटलांटिक महासागराचा तळ कॅरिबियन भूपट्टाखाली वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर या गतीने सरकतो. खोलवर गेलेल्या खडकांतून पाणी बाहेर पडते, त्यामुळे वरच्या प्रावरणाचा वितळणबिंदू खाली येतो आणि शिलारस तयार होतो. महाराष्ट्रातील वाचकाला ज्वालामुखी म्हटले की दख्खनचा काळा बेसॉल्ट आठवतो. तो लाव्हा पातळ होता, दूरवर पसरला आणि थरांवर थर रचत गेला. सेंट ल्युसियाचा शिलारस अँडेसाइट व डेसाइट प्रकारचा, सिलिकाचे प्रमाण अधिक असलेला आणि म्हणून चिकट आहे. तो सहजासहजी वाहत नाही. एकतर स्फोटाने उधळतो किंवा मुखाशीच साचून घुमटासारखा उभा राहतो. सूफ्रिएरच्या दक्षिणेस समुद्रातून सरळ वर उठलेले ग्रॉ पिटॉन आणि पेटी पिटॉन हे दोन सुळके म्हणजे असेच लाव्हाचे घुमट होत. त्यांची उंची अनुक्रमे सुमारे ७७० आणि ७४३ मीटर आहे.

हे सुळके, गाव आणि गंधकाचे झरे हे सर्व क्वालिबू नावाच्या विस्तीर्ण खोलगट प्रदेशात येतात. ही खोलगट जागा उद्रेकानंतर छप्पर खचून तयार झाली की प्राचीन ज्वालामुखीची पश्चिमेकडील बाजू समुद्रात घसरल्याने निर्माण झाली, याविषयी भूशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पर्यटक ज्वालामुखी पाहायला येतो तेव्हा शंकूच्या आकाराचा डोंगर आणि त्याच्या माथ्यावरचे विवर अशी त्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो गावात शिरतो तेव्हाच ज्वालामुखीच्या आत आलेला असतो. ही बाब पहिल्या पाच मिनिटांत सांगितली गेली नाही, तर पुढचे सारे दृश्य म्हणजे केवळ वाफ आणि दुर्गंधी एवढेच उरते.

गंधकाचे झरे

गावापासून थोड्याच अंतरावर उघडाबोडका, पांढरट-पिवळा उतार लागतो. त्यातून वाफेचे लोट निघत असतात आणि करड्या-काळ्या पाण्याची डबकी खदखदत असतात. रस्ता अगदी जवळपर्यंत जात असल्याने ‘मोटारीतून आत जाता येणारा जगातील एकमेव ज्वालामुखी’ अशी त्याची ख्याती करण्यात आली आहे. हा दावा जाहिरातीपुरताच खरा मानावा. अझोर्स बेटांवरील फुर्नास येथे तर ज्वालामुखीच्या कुंडात रस्ते, घरे आणि संपूर्ण गाव आहे.

येथे दिसते ते उकळते पाणी म्हणजे लाव्हा नव्हे. ते मुख्यतः पावसाचेच पाणी आहे. डोंगरावर पडलेला पाऊस भेगांतून खाली झिरपतो, खोलवरच्या उष्णतेने तापतो आणि शिलारसातून सुटणारे कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे वायू बरोबर घेऊन वर येतो. कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्याचे काही अंशी गंधक व पुढे गंधकाम्ल बनते. हे आम्ल खडकातील फेल्डस्पारसारख्या खनिजांवर क्रिया करून त्यांची माती करते. लोहाचे सल्फाइड मिसळले की ती काळसर दिसते. याचाच अर्थ असा की पर्यटक पुढच्या तासाभरात जो चिखल अंगाला लावतो तो मुळात अँडेसाइटचा कठीण खडकच असतो, केवळ आम्लाने शिजवून मऊ केलेला.

हीच क्रिया पायाखालचा धोकाही निर्माण करते. आम्लाने पोखरलेली जमीन वरून कोरडी आणि घट्ट वाटते, परंतु तिच्याखाली उकळता चिखल असू शकतो. पूर्वी येथे पर्यटकांना थेट डबक्यांजवळ नेत असत. पुढे एका स्थानिक मार्गदर्शकाच्या पायाखालचे कवच खचून तो गंभीररीत्या भाजला. आता कठड्यामागूनच दर्शन घ्यावे लागते. काहींना ही व्यवस्था निरस वाटते. तथापि इटलीत नेपल्सजवळील सोल्फातारा येथे सप्टेंबर २०१७ मध्ये अशाच खचलेल्या जमिनीत पडून आई, वडील व मुलगा असे एकाच कुटुंबातील तिघे मृत्युमुखी पडले आणि ते पर्यटनस्थळ बंद करावे लागले, हे विसरता येत नाही.

दुसरा धोका अधिक दुर्मीळ, पण अधिक गंभीर आहे. सूफ्रिएर परिसरात शिलारसाचा उद्रेक होऊन हजारो वर्षे लोटली आहेत. मात्र १७६६ मध्ये गंधकाच्या झऱ्यांच्या ठिकाणी एक लहान बाष्पस्फोट झाला आणि भोवतालच्या मोठ्या प्रदेशावर राखेचा पातळ थर बसला. बाष्पस्फोटात नवा शिलारस वर येण्याची गरज नसते. बंदिस्त पाण्याची एकाएकी वाफ झाली तरी पुरते. म्हणूनच त्याची पूर्वसूचना मिळणे कठीण असते. न्यूझीलंडमधील व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी नेमके हेच घडले. त्या वेळी बेटावर असलेल्या ४७ व्यक्तींपैकी २२ जणांचा मृत्यू झाला. त्यांत प्रवासी जहाजावरून एका दिवसाच्या सहलीस आलेलेच बहुसंख्य होते. काही आठवड्यांपूर्वी इशाऱ्याची पातळी वाढवूनही सहली चालू राहिल्या होत्या. सूफ्रिएर आणि व्हाकारी यांची तुलना करताना फरकही नोंदवला पाहिजे, कारण व्हाकारी हा अलीकडील काळात वारंवार उद्रेक झालेला ज्वालामुखी आहे आणि सूफ्रिएर तसा नाही. त्रिनिदाद येथील वेस्ट इंडीज विद्यापीठाचे भूकंप संशोधन केंद्र या परिसराचे निरीक्षण करते. परंतु शास्त्रज्ञांची सूचना आणि त्या दिवशीची सहल यांच्यामध्ये निर्णय घेणारा कोणीतरी असावा लागतो. उकळत्या डबक्यापाशी प्रत्यक्ष उभा असतो तो मार्गदर्शकच.

या उष्णतेपासून वीज निर्माण करण्याचेही प्रयत्न झाले. १९७० आणि १९८० च्या दशकांत येथे विंधणविहिरी घेण्यात आल्या, परंतु खोलवरचे आम्लधर्मी द्रव नळांना मानवणारे नव्हते. वीजकेंद्र उभे राहिले नाही. ज्वालामुखीचे उत्पन्न आजही प्रवेशशुल्क आणि चिखल यांतूनच येते.

चिखलस्नान

चिखलस्नानाविषयी फार विस्तार करण्याचे कारण नाही. झऱ्यांचे पाणी खाली वाहत येते तसे थंड होते. अंगाला सोसवेल इतक्या तापमानाची कुंडे तेथे बांधली आहेत. प्रथम कुंडात भिजायचे, मग बादलीतील चिखल अंगाला लावायचा, तो वाळू द्यायचा आणि पुन्हा कुंडात उतरून धुवायचा, असा क्रम असतो. या पाण्याची कीर्ती जुनी आहे. जवळच्या डायमंड येथील उष्ण पाण्यावर १७८४ मध्ये फ्रेंच राजा सोळाव्या लुईच्या आज्ञेने सैनिकांसाठी स्नानगृहे बांधण्यात आली होती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत ती उद्ध्वस्त झाली. वज्रेश्वरी किंवा उन्हवरे येथील कुंडांत उतरणाऱ्या मराठी माणसाला गंधकाच्या पाण्यावरची ही श्रद्धा परकी वाटणार नाही.

गंधकामुळे काही त्वचाविकारांत आराम पडतो, हे वैद्यकशास्त्रास मान्य आहे. एका वेळच्या अर्ध्या तासाच्या लेपाने दहा वर्षांनी तरुण दिसण्याचा दावा अर्थातच विनोदात जमा करावा. हृदयविकार, दमा किंवा गर्भावस्था असल्यास उष्ण कुंडात उतरणे आणि गंधकाच्या वाफेत उभे राहणे टाळलेले बरे. ही सूचना प्रवाशाने कुंडात पाय टाकण्यापूर्वी दिली जाणे महत्त्वाचे, कारण नंतर ती कोणी ऐकत नाही.

डोंगरापासून समुद्रापर्यंत

पिटॉन परिसराला युनेस्कोने २००४ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सुमारे २,९०९ हेक्टरच्या या क्षेत्रात गंधकाचे झरे जसे येतात तसाच समुद्राचाही मोठा भाग येतो. डोंगर आणि समुद्र एकाच सीमारेषेत घेतले गेले, हे या निर्णयाचे शहाणपण म्हणावे लागेल. सागरी भागात माशांच्या १६८ जातींची नोंद झाली आहे.

ज्या तीव्र उतारामुळे पिटॉन विलोभनीय दिसतात तोच उतार पाण्याखालीही चालू राहतो. त्यामुळे किनाऱ्यापासून काही हातांवरच प्रवाळांची भिंत सुरू होते आणि पट्टीच्या पोहणाऱ्यासच नव्हे, तर नवशिक्यालाही ती पाहता येते. मात्र त्याच उतारावरून मातीही तितक्याच वेगाने खाली येते. प्रवाळ हा सूक्ष्म प्राणी असून त्याच्या ऊतींत राहणाऱ्या शैवालास सूर्यप्रकाश लागतो. पाणी गढूळ झाले की प्रकाश अडतो. गाळ अंगावर बसला की तो झटकून टाकण्यातच प्रवाळाची शक्ती खर्च होते. सूफ्रिएरच्या उपसागरात झालेल्या अभ्यासात नदीमुखाच्या जवळच्या प्रवाळांवर मृत भागाचे प्रमाण अधिक आढळले. सप्टेंबर १९९४ मधील डेबी वादळाने बेटावर ठिकठिकाणी दरडी कोसळल्या. ऑक्टोबर २०१० च्या अखेरीस आलेल्या टोमास वादळात तर सूफ्रिएरच्या वरच्या अंगाला असलेल्या फाँ सेंट जाक या वस्तीवर डोंगर घसरून माणसे दगावली. त्या दरडींचा चिखल नद्यांवाटे समुद्रात गेला. वादळ माणसाच्या हातचे नाही, पण तीव्र उतारावर झाडे तोडून केलेली लागवड, नवे रस्ते आणि हॉटेलांची बांधकामे माणसाच्या हातची आहेत. दोन पिटॉनच्या मधोमध हॉटेल उभारण्यास नोबेल पारितोषिक विजेते कवी डेरेक वॉलकॉट यांनी जाहीर विरोध केला होता. हॉटेल झालेच.

मच्छीमारांचा त्याग

स्नॉर्केलिंग करणाऱ्या पर्यटकाला जे मासे दिसतात ते तेथे का आहेत, या प्रश्नाचे उत्तर केवळ जीवशास्त्रात नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस या किनाऱ्यावर तीव्र तंटे निर्माण झाले होते. सूफ्रिएरचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या दोन प्रकारे मासेमारी करीत. कोकणात ज्याला रापण म्हणतात त्या पद्धतीची जाळी किनाऱ्यावरून ओढीत आणि प्रवाळांमध्ये मासे पकडण्याचे पिंजरे सोडीत. पर्यटन वाढले तसे शिडाच्या नौकांचे नांगर रापणीच्या जागेत पडू लागले. पाणबुडे पिंजऱ्यांची नासधूस करतात, अशी मच्छीमारांची तक्रार होती. मच्छीमारांमुळे प्रवाळ मोडतात, असा हॉटेलवाल्यांचा उलट आरोप होता. गावकऱ्यांना तर स्वतःच्याच किनाऱ्यावर जाण्यास अडथळे होऊ लागले.

१९९२ पासून मत्स्यव्यवसाय विभाग, सूफ्रिएर प्रादेशिक विकास प्रतिष्ठान आणि कॅरिबियन नैसर्गिक संसाधन संस्था यांच्या पुढाकाराने सर्व पक्षांच्या बैठका झाल्या. किनाऱ्याचा नकाशा समोर ठेवून कोण कोणती जागा केव्हा वापरतो हे नोंदवण्यात आले. १९९५ मध्ये सूफ्रिएर सागरी व्यवस्थापन क्षेत्र अस्तित्वात आले. सुमारे ११ किलोमीटरच्या किनाऱ्याची विभागणी झाली. काही भाग पूर्णतः राखीव ठरले, तर काही ठिकाणी मासेमारीस अग्रक्रम मिळाला. नौकांसाठी ठरावीक बोये बांधले गेले, जेणेकरून नांगर टाकावाच लागू नये. स्नानाचे किनारे वेगळे झाले.

राखीव भागांमुळे प्रवाळ मासेमारीचे जवळपास ३५ टक्के क्षेत्र बंद झाले. हा आकडा वाचण्यास सोपा आहे, पण पिंजऱ्यांवर पोट असलेल्या वृद्ध मच्छीमाराच्या दृष्टीने तो हातातोंडाशी आलेला घास काढून घेण्यासारखा होता. पहिली काही वर्षे उत्पन्न घटले आणि असंतोष इतका वाढला की काही मच्छीमारांना मासिक भरपाई द्यावी लागली व एका भागात पुन्हा मर्यादित मुभाही द्यावी लागली. कॅलम रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून पुढचे चित्र स्पष्ट झाले. पाच वर्षांच्या आत राखीव क्षेत्रांलगतच्या पाण्यात मासेमारीचे उत्पन्न वाढले होते. ही वाढ मोठ्या पिंजऱ्यांच्या बाबतीत ४६ टक्के, तर लहान पिंजऱ्यांच्या बाबतीत ९० टक्के होती. राखीव भागात मासे वाढून बाहेर पसरले होते. सागरी अभयारण्याच्या वादात जगभर हा अभ्यास उद्धृत केला जातो. मालवणच्या सागरी अभयारण्याबाबत १९८७ पासून चालत आलेला मच्छीमारांचा विरोध पाहता, आधी बैठका आणि मग सीमारेषा हा सूफ्रिएरचा क्रम विशेष लक्षणीय वाटतो.

मार्गदर्शकाचे स्थान

सहलीचा अखेरचा टप्पा आन्स शास्तने किंवा पिटॉनच्या पायथ्याशी पार पडतो. सकाळपासून थकलेला, जेवलेला, पाण्यात फारसा सरावलेला नसलेला प्रवासी येथे पाण्यात उतरतो. त्याचा एक पाय प्रवाळावर टेकला तर काही वर्षांची वाढ मोडते. प्रवासी दुष्ट नसतो, तो घाबरलेला असतो. श्वासनळीत पाणी शिरले की मनुष्य पहिल्यांदा उभे राहण्यास जागा शोधतो, आणि ती जागा प्रवाळाची असते.

सूचना देऊन हे टळते का, याची तपासणी सेंट ल्युसियातच झाली आहे. बार्कर आणि रॉबर्ट्स यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाणबुड्यांच्या वर्तनाचे पाण्याखाली निरीक्षण केले. बोटीवर दिलेल्या एखाद्या वाक्याच्या सूचनेचा परिणाम जवळजवळ शून्य होता. मार्गदर्शकाने पाण्यात प्रत्यक्ष हस्तक्षेप केला तेव्हा मात्र प्रवाळाला होणारे स्पर्श स्पष्टपणे घटले. छायाचित्रे घेणारे इतरांपेक्षा अधिक वेळा प्रवाळाला धडकत, आणि बोटीवरून उतरणाऱ्यांपेक्षा किनाऱ्यावरून शिरणारे अधिक नुकसान करीत. हा अभ्यास पाणबुड्यांचा असला तरी स्नॉर्केलिंगला तो लागू करण्यास हरकत नसावी, कारण येथे तर प्रवेश बहुधा किनाऱ्यावरूनच होतो आणि हातात आता प्रत्येकाच्या कॅमेरा असतो. निष्कर्ष असा निघतो की बोटीवर बसून वीस जणांवर नजर ठेवणारा मार्गदर्शक आणि चौघा-पाचांबरोबर पाण्यात असणारा मार्गदर्शक हे दोन भिन्न व्यवसाय आहेत. पहिला स्वस्त पडतो. जहाज सुटण्याच्या वेळेशी बांधलेल्या सहलीत त्यालाच पसंती मिळण्याचा संभव अधिक असतो.

बेटावर याहून वेगळा नमुनाही उपलब्ध आहे. ग्रॉ पिटॉनवर मार्गदर्शकाशिवाय चढता येत नाही, आणि हे मार्गदर्शक पायथ्याच्या फाँ जाँ लिब्र या वस्तीतील असतात. या नावाचा अर्थ मुक्त माणसांचे खोरे. गुलामगिरीतून निसटलेल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे आश्रय घेतला होता. आज त्यांचे वंशज ठरावीक शुल्क घेऊन माणसे वर नेतात आणि सुखरूप खाली आणतात. डोंगरावर जो नियम सहज स्वीकारला गेला तो समुद्रात लागू करणे तितके सोपे झालेले नाही. तेथे प्रवासी दूरच्या बंदरांतून बोटी भरून येतात आणि त्यांचे मार्गदर्शक सूफ्रिएरचे असतीलच असे नाही.

सागरी क्षेत्राच्या पहारेकऱ्यांचा आणि बोयांच्या देखभालीचा खर्च मुख्यतः पाणबुडे, स्नॉर्केलिंग करणारे व नौका यांच्याकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून भागवला जातो. म्हणजे प्रवाळांना ज्यांच्यापासून जपायचे त्यांच्याच पैशांतून जपावे लागते. मार्च २०२० मध्ये साथीमुळे प्रवासी जहाजे थांबली तेव्हा प्रवाळांवरचे पाय थांबले आणि शुल्काचा ओघही आटला, मात्र राखीव क्षेत्रातील पहाऱ्याची गरज तितकीच राहिली, कारण पर्यटनावरचा रोजगार गेलेल्यांना पिंजरा हाच जुना मार्ग उरला होता.